डब्यातली बाई

ऑनलाइन मागवलेला खोका दारात आला तेव्हा यादोराव टेंभुर्ण्यांनी तो उघडला नाही. आधी त्याचा वास घेतला. मग कानाशी धरून हलवून पाहिला. मग चिकटपट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि बायकोला हाक मारली, "विमल, मोबाइल आण! फोडतानाचा व्हिडिओ काढाले लागते. उद्या कंपनी म्हणन, तुमीच बिघडवला."

यादोराव तुमसरच्या एका धान्य गोदामात प्रतवारीचं काम करीत. गिरणीवरून तांदळाचं पोतं आलं की त्यात परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ टोकदार सळई, खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि पोतं आणणाऱ्याकडे असं पाहायचं की त्याला स्वतःच्याच तांदळाची शंका यावी. सारी उमर या कामात गेल्यावर माणसाची नजर कायमची वाकडी होते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा यादोराव पहिला भात बोटानं चिरडून पाहत आणि मगच कढी घेत. नवरीच्या बापाला त्या क्षणी काय वाटत असेल, याचा त्यांनी कधी विचार केला नाही.

पण संध्याकाळी घरी आले की हाच माणूस कलावंत होई. पूर्वी धानाची पोती राहत त्या मागच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ थाटला होता. एक सिंथेसायझर त्यांनी हौसेनं घेतलेला. दुसरा झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीनं टाकून दिलेला, ज्याची एक पट्टी दाबली की ती वर यायचं नावच घेत नसे. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकले होते, आवाज घुमू नये म्हणून. (ट्रे आणले तेव्हा गल्लीतल्या बाया गावरान अंडी मागायला येऊ लागल्या होत्या, आणि एकीनं तर कोंबड्या कुठं लपवल्यात म्हणून खोलीत डोकावून पाहिलं होतं.) इथे बसून यादोराव बुद्धविहाराच्या कार्यक्रमांसाठी गाणी बांधत. पण मागच्या जयंतीला त्यांचं गाणं लावलं तेव्हा मंडपातल्या कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "हा गानारा टिनाच्या पिंपात बसून गाऊन राहिला काय?" तो घाव भरला नव्हता. कोरड्या आवाजाला जरा घुमारा यावा, सभागृहात गायल्यासारखं वाटावं, यासाठी इफेक्ट प्रोसेसर नावाचं यंत्र लागतं, हे त्यांना कळलं. आणि बाजारातलं सर्वांत स्वस्त यंत्र कोणतं, हेही लगेच कळलं.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ट्रे ठोकायचे, आणि मग आवाज घुमावा म्हणून यंत्र आणायचं, यातला न्याय विमलाबाईंना कधी उमगला नाही. शिवाय त्यांची वेगळीच फसगत झाली होती. नवरा "प्रोसेसर मागवला" म्हणाला तेव्हा त्यांना वाटलं, कणीक मळायचं यंत्र येतंय. त्या समोरच्या घरातल्या कलाबाईंना सांगूनही आल्या होत्या. खोक्यातून निघालेला चपटा काळा डबा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"याचं पातं कुठी आहे?"

"पातं नाही राहत याले. हे आवाजाचं आहे."

"आवाजाचं?" विमलाबाई म्हणाल्या. "आवाज तं या घरात तसाच लई आहे." आणि त्या निघून गेल्या. त्यांनी काढलेल्या व्हिडिओत सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचाच अंगठा होता, हे पुढे उघड व्हायचं होतं.

शेजारचे कृष्णराव लगेच तपासणीला आले. ते वनखात्याच्या नाक्यावरून निवृत्त झालेले. गवताच्या प्रत्येक गाडीखाली सागवान असतोच, या श्रद्धेवर त्यांची सारी नोकरी झाली होती. त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली, किंमत विचारली आणि मान हलवली.

"इतका स्वस्त? मंग माल वापरलेला आहे. कोणीतरी घेतला, परत केला, अन् कंपनीनं पुसूनपासून तुमच्या गळ्यात घातला."

"सील बरोबर होतं, कृष्णराव."

"सील!" कृष्णराव नुसतेच हसले. नाक्यावर काय काय सीलबंद पाहिलं होतं, ते ते सांगू लागले तर जेवायची वेळ टळली असती.

झालं. यादोरावांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्यांनी डब्याची प्रतवारी करायचं ठरवलं. पहिली शंका: स्वस्त यंत्र तापतं. म्हणून सकाळी गोदामात जाताना त्यांनी डबा चालू ठेवला. माइकही तसाच जोडून ठेवला, कारण माइक वारंवार काढला-लावला की पिन ढिली होते, ही त्यांची दुसरी शंका होती. जाताना बजावलं, "विमल, त्या खोलीतलं काही बंद करू नको."

"झाडू मारू का तेही नको?"

"झाडू मार. पन कशालेच हात लावू नको."

संध्याकाळी ते बूटही न काढता मागच्या खोलीत गेले. डब्यावर हात ठेवला. डबा कोमट होता, पण जळका वास नव्हता. यादोराव थोडे नाराजच झाले. मग त्यांनी हेडफोन घातला आणि बटण फिरवत एकेक आवाज तपासायला सुरुवात केली. एकात विहिरीत पडल्यासारखा घुमारा, एकात नळाला हवा आल्यासारखी गुरगुर. असं करता करता त्यांचा पाय जमिनीवर ठेवलेल्या डब्याच्या पुढच्या खटक्यावर पडला.

आणि डब्यात एक बाई गुणगुणू लागली.

आवाज कोवळा होता, बारीक, अगदी मधात बुडवून काढल्यासारखा. शब्द नव्हते. नुसती एक चाल, वर जाणारी, मध्येच थांबणारी. मग एक लांब श्वास. मग अगदी हळू, "येतीनच आता…" आणि पुन्हा तीच चाल, तोच श्वास, पुन्हा "येतीनच आता…" खटका बंद करेपर्यंत ती बाई तेच तेच गात राहिली.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. यादोरावांना अपार आनंद झाला. संशय खरा ठरल्याचा आनंद काय असतो, ते संशयी माणसालाच माहीत. ते अनवाणी धावत (एक बूट तेवढ्यात कुठेतरी निघाला होता, दुसरा त्यांनी स्वतः फेकला) कृष्णरावांच्या दारात गेले. "सापडली! मागच्या मालकाची बाई सापडली!"

कृष्णरावांनी येऊन हेडफोन उलटा घातला, सुलटा घातला आणि डोळे मिटून ऐकलं. "पक्का पुरावा," ते म्हणाले. "आता याले हात लावू नका. नाही तं कंपनी म्हणन, तुमीच फेरफार केला." त्यांनी घरून चिकटपट्टी आणली आणि सारी बटणं होती तिथेच पट्टीनं जाम केली. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की वीज गेली तर यंत्रात साठलेला आवाज पुसला जातो. तुमसरात वीज कधी जाईल याचा भरवसा विजेलाही नव्हता. म्हणून कृष्णरावांनी आपल्या घरच्या इन्व्हर्टरची तार भिंतीवरून टाकून डब्याला जोडली.

विमलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दोन वयस्क माणसं एका हेडफोनचा एकेक कान धरून, गालाला गाल लावून बसली होती, आणि हेडफोनमधून बारीक आवाजात एक तरणी बाई म्हणत होती, "येतीनच आता…"

विमलाबाईंनी कप खाली ठेवले. "कोन होय हे?"

"डब्यातून निघाली," यादोराव म्हणाले.

"डब्यातून! फोडताना मीच तं होती. तवा आत कोनी नोतं."

"तसं नाही वो. पहिल्या मालकाची असन."

"पहिला मालक कोन?"

"ते कसं सांगू?"

"येतीनच म्हनते. कोन येतीन?"

"मले काय माहीत, विमल!"

"मले आहे माहीत. संध्याकाळच्या वक्ती गोदामातून कोन येते? तुमीच येता. तुमचीच वाट पाहून राहिली ते."

कृष्णराव चहा न घेताच उठले. नोकरीत त्यांनी वाघाच्या वाटेवरूनही रस्ता काढला होता, पण या वाटेवर थांबायची त्यांची तयारी नव्हती.

भिंतीवरून तार गेलेली पाहून समोरच्या कलाबाई चौकशीला आल्याच. त्यांना गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे आवाज ओळखू येत; कोण कोणावर ओरडतंय, हे त्या पडल्या पडल्या सांगत. विमलाबाईंनीच त्यांना डब्यापाशी बसवलं. कलाबाईंनी तीनदा ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"अवो विमलबाई, हा आवाज मी आयकला आहे. पोरीचा वाटते, पन चाल लई ओळखीची आहे. रोजच सकाळी माया कानावर पडते."

"रोजच?"

"रोजच. येथ्थंच, आसपास."

हे त्या भल्या मनानं बोलल्या, पण त्यांच्या त्या चार शब्दांनी टेंभुर्ण्यांच्या घरात चूल वेगळी व्हायची वेळ आली. तोपर्यंत बाई निदान परगावची होती. आता ती गल्लीतली झाली.

दुसऱ्या दिवशी यादोरावांनी कंपनीला फोन लावला. आपण निर्दोष आहोत हे बायकोनं स्वतःच्या कानानं ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला. बराच वेळ सनई वाजली. मग एक मुलगी अत्यंत गोड मराठीत बोलू लागली.

"आपली तक्रार काय आहे, सर?"

"मॅडम, तुमच्या डब्यात बाई आहे."

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. "सर, आमच्या यादीत तसा पर्याय नाहीये. वस्तू तुटलेली आहे का?"

"नाही."

"वस्तू कमी निघाली का?"

"नाही. कमी नाही, जादा निघाली. बाई जादा आहे."

"ओके सर. 'जादा वस्तू मिळाली' अशी तक्रार नोंदवते. पण त्या केसमध्ये जादा वस्तू आपल्याला परत करावी लागेल."

"बाई परत कशी करू मी?"

"ती ओरिजनल पॅकिंगमध्ये असावी, सर. आणि वापरलेली नसावी."

स्वयंपाकघरात भांडं आदळल्याचा आवाज झाला. यादोरावांनी घाईनं फोन कानाला लावला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेवटी त्या मुलीनं खोका फोडतानाचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओ पाठवल्यावर काही वेळानं उत्तर आलं की आपण पाठवलेला अंगठा स्पष्ट दिसत असून वस्तू दिसत नाही. तरी ग्राहकाच्या समाधानासाठी आमचा माणूस डबा न्यायला येईल.

पण ग्राहकाचं समाधान केव्हाच उडालं होतं. विमलाबाईंनी बोलणं टाकलं. ताट समोर येई, पण असं येई की जेवणाऱ्यानं उपाशी राहणं पत्करावं. गोदामात बातमी यादोरावांच्या आधी पोचली. एका गिरणीवाल्याच्या पोत्यात यादोरावांनी परखी खुपसली तेव्हा तो दात काढत म्हणाला, "साहेब, आमचे पोते तुमी तपासता. तुमचा डबा कोन तपासते?" यादोरावांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एक पोतं दाणे न पाहताच पास केलं.

खरं म्हणजे डबा उचलून विहिरीत टाकावा असं त्यांना वाटू लागलं होतं. पण टाकला तर लोक म्हणणार, बाई लपवली. ठेवला तर म्हणणार, बाई ठेवली. आणि रात्रंदिवस ती इन्व्हर्टरची तार भिंतीवरून लोंबत होती, साऱ्या गल्लीला दिसेल अशी.

शेवटी विमलाबाईंनी सानगडीला आईला फोन केला. "माय, तू ये. नाही तं मीच येतो. या घरात आता ते राहीन का मी राहीन."

रविवारी दुपारी रेवताबाई एसटीनं आल्या, कमरेत वाकलेल्या, काखेत गाठोडं. जावयानं "जयभीम, माय" म्हणून पाय धरले, पण त्यांनी आशीर्वाद राखून ठेवला. वीज सकाळपासून गेली होती. डबा कृष्णरावांच्या इन्व्हर्टरवर धुगधुगी धरून होता. रेवताबाईंना खाटेवर बसवलं. कृष्णराव साक्षीदार म्हणून आले, कलाबाई बोलावल्या नसतानाही. विमलाबाई दाराच्या चौकटीला टेकून, तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांची पेटी बाहेरच्या खोलीत भरून ठेवलेली होती. ती यादोरावांना दिसत होती, आणि त्या पेटीकडे पाहताना त्यांना जे वाटत होतं, ते संशयाहून वेगळं होतं. साधी भीती होती ती.

"लाव," रेवताबाई म्हणाल्या.

यादोरावांनी हेडफोन काढून बॅटरीवरचा स्पीकर जोडला आणि खटका दाबला. बाई गुणगुणली. रेवताबाईंनी कानाशी हात नेला.

"हे काय गा चिमनीवानी? मले काही समजून नाही राहिलं. साधा आवाज लाव ना, जवाई."

"साधा?"

"त्याच्यातली हे कलकल काढ."

यादोराव कृष्णरावांकडे पाहू लागले. कृष्णराव म्हणाले, "पुराव्याले हात लावता येत नाही, माय. बटनं सील आहेत."

रेवताबाई उठल्या, वाकल्या आणि चिकटपट्टी एका झटक्यात ओढून काढली. "आता लाव."

यादोरावांनी एकेक बटण शून्यावर आणलं. पहिल्यांदा विहिरीचा घुमारा गेला. मग मध निथळला. मग बारीक झालेला आवाज खाली खाली उतरत आपल्या जागेवर आला. आता ती कोवळी पोरगी नव्हती. भरलेला, जरासा खरबरीत, दुपारच्या कामानं थकलेला आवाज होता. पाठीमागे काहीतरी सर्र सर्र वाजत होतं. फरशीवरून फिरणाऱ्या झाडूचा आवाज होता तो. चाल वर गेली, थांबली. श्वास. "येतीनच आता…"

रेवताबाईंनी कानाशी नेलेला हात खाली घेतला.

"हे तं माई विमल होय," रेवताबाई म्हणाल्या.

"मी?" विमलाबाई वळल्या. "मी काहून गाईन? मी कधीच नाही गात."

"नाही गात! धानाच्या रोवण्याच्या दिवसात, रोपं लावाले बांधीत उतरलीस का तूच पहिले सूर लावत होतीस. तुया आवाजावर बाया चिखलात पाय उचलत. हे तेच होय."

कलाबाईंनी टाळी वाजवली. "मी म्हटलं नोतं? रोज सकाळी भांडे घासता घासता हेच चालते! माया घरी आयकू येते."

विमलाबाईंचा हात आपोआप तोंडावर गेला. त्या दिवशी माइक चालू होता, झाडू मारताना खटका दाबला गेला असणार, आणि डबा मुकाट्यानं ऐकत, साठवत बसला असणार, हे यादोरावांच्या ध्यानात येऊ लागलं. त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा!" ते म्हणाले. "म्हणजे मी निर्दोष! ते बाई तूच होतीस, विमल!"

विमलाबाईंनी तोंडावरचा हात काढला.

"म्हणजे माया आवाज होय," विमलाबाई हळूच म्हणाल्या. "अन् तुमाले ओळखू नाही आला."

"तुले तरी कुठी आला? तुयाच तं आवाज होता."

"मी मले आयकत नाही. तुमी तं आयकाले पायजे होतं ना."

प्रतवारी करणारा माणूस शून्यावर आणलेली बटणं उगाच चाचपू लागला. डबा मात्र आपलं काम करीत होता. "येतीनच आता," तो म्हणाला.

"प्रकरण निकाली," कृष्णरावांनी जाहीर केलं आणि आपल्या इन्व्हर्टरची तार खस्सकन ओढली.

डब्याचा लाल दिवा विझला. गुणगुणणं मध्येच तुटलं. यादोराव ओरडत डब्यावर झेपावले, पण वीज नव्हतीच. आवाज गेला तो गेला. दरम्यान तार गुंडाळत कृष्णराव म्हणत होते की नाक्यावर असं एक प्रकरण झालं होतं, त्यात सागवान शेवटी साहेबाच्याच घरी निघाला.

पेटी रिकामी झाली, पण अबोला सुटायला वेळ लागला. रेवताबाई मुक्कामी राहिल्या आणि जावयाला रोज सकाळी मोरीपाशी बसवू लागल्या. "बस येथं. आयक," एवढंच म्हणायच्या. पण नवरा बसलाय हे दिसल्यावर विमलाबाई भांडी अशी घासत की त्यात गाणंच काय, शिवीही निघाली नसती.

कंपनीचा माणूस डबा न्यायला आला तेव्हा त्याच्या यंत्रात कारण लिहिलेलं होतं: जादा वस्तू. यादोराव दारातच उभे राहिले. "नाही द्यायचा."

"का बरं, काका? तक्रार तं तुमचीच आहे."

"जादा वस्तू आमचीच निघाली," यादोराव म्हणाले. तो माणूस डोकं खाजवत गेला. त्याच्या यंत्रात तसा पर्याय नव्हता.

त्यानंतर एकदा, रेवताबाई सानगडीला गेल्यावर, संध्याकाळी यादोराव मागच्या खोलीच्या दारात घुटमळत म्हणाले, "विमल, ते रोवण्याचं गानं एकदा म्हण ना. मले नीट आयकाचं आहे."

विमलाबाईंनी पदराला हात पुसले. "मशीन बंद करा पहिले."

यादोरावांनी डबा बंद केला.

"खरंच केली? का मांगून चालू आहे?"

"खरंच केली."

विमलाबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी दोन्ही तारा भिंतीतून स्वतः उपटल्या, माइकवर स्वयंपाकघरातला वरणाचा मोठा गंज पालथा घातला, अंड्यांच्या ट्रेमागे काही लपवलेलं नाही ना तेही पाहिलं. मग स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या आणि घसा साफ केला. पहिला सूर कापला, दुसरा लागला. आणि मग ती चाल, जिला आता शब्दही होते, चिखलाचे, पाण्याचे, वाकलेल्या पाठींचे, त्या लहानशा खोलीत अशी पसरत गेली की यादोरावांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

भिंतीपलीकडून कृष्णराव ओरडले, "यादोराव! आता जमला पाहा तुमचा डबा! आता कोनत्याच बटनाले हात नका लावू!"

यादोरावांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांना ऐकायचं होतं.